पडद्यापासून पाटीपर्यंत: आपण जे बघतो, ऐकतो, वाचतो त्याने मेंदू कसा घडतो

पाळण्यातल्या बाळाला 'त' आणि 'ट' यांतला फरक ऐकू येतो. बाळ सोलापुरातलं असो नाहीतर कॅनडातल्या इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं, सहा-आठ महिन्यांचं असताना दोघांचेही कान सारखेच तिखट असतात. मोठ्या इंग्रजी माणसाला मात्र हा फरक कितीही समजावला तरी पटकन पकडता येत नाही. 'ताई'ची 'टाई' होते ती त्यामुळे.

हे तपासलं कसं? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा होता. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवायचं. मध्येच अक्षर बदललं की बाजूच्या खोक्यातलं खेळणं उजळून हलायला लागतं. बाळाला ही गंमत लवकर कळते आणि आवाज बदलल्याबरोबर ते खेळण्याच्या आशेने मान वळवतं. म्हणजे मान वळली तर फरक ऐकू आला. हिंदीतले त-ट ऐकवल्यावर सहा-आठ महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं बिनचूक माना वळवत होती. दहा-बारा महिन्यांची बाळं मात्र ढिम्म. त्याच वयाच्या हिंदी घरातल्या बाळांना काहीच अडचण आली नाही.

म्हणजे वर्षभरात कान बिघडले असं नाही, मेंदूने निवड केली. पहिल्या काही वर्षांत चेतापेशींमधल्या जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. मग शेतकरी जशी विरळणी करतो तसं होतं. रोज वापरात येणाऱ्या जोडण्या राहतात, जोर धरतात आणि बाकीच्या हळूहळू जातात. ज्या घरात त-टचा फरक कोणी करतच नाही तिथे तो ऐकण्याची तयारी कशाला ठेवायची?

आता मोबाईलकडे वळू. रोज कानावर काय पडतं यावर मेंदू घडत असेल, तर ते पडद्यातून पाडलं तरी चालेल की! आठ महिन्यांच्या पोरापुढे इंग्रजी बडबडगीतं लावून ठेवणाऱ्या अनेक आईबाबांचा हिशेब हाच असतो. तो वरवर पटतोही.

अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कुल यांनी हा हिशेब नेमका तपासला. नऊ महिन्यांची, इंग्रजी घरातली बाळं घेतली. एका गटाबरोबर मँडरिन चिनी बोलणारी माणसं चार आठवड्यांत बारा वेळा, दर वेळी पंचवीस मिनिटं खेळली. खेळणी दाखवली, गोष्टीचं पुस्तक वाचलं, डोळ्यात डोळे घालून बोलली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं डीव्हीडीवर दाखवलं. तिसऱ्याला फक्त आवाज ऐकवला. वेळ तेवढाच आणि शब्दही तसेच.

शेवटी चाचणी झाली ती इंग्रजीत नसलेल्या एका चिनी उच्चारभेदाची. माणसांबरोबर खेळलेली बाळं तो फरक तैवानमधल्या चिनी घरातल्या बाळांइतक्याच सफाईने ओळखू लागली होती. डीव्हीडीवाल्या गटाच्या पदरात काय पडलं? काही नाही. आवाजवाल्या गटाच्याही नाही. चिनी अजिबात न ऐकलेली बाळं जिथे होती तिथेच हेही दोन गट. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजूनही या विषयात त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. माध्यमातून काय आत जातं, हे आपण मोजत बसतो. मेंदू वाढतो तो त्याला जे काम करावं लागतं त्यातून. समोरचा माणूस कुठे बघतोय ते बघणं, त्याने नाव घेतलं त्या वस्तूकडे वळणं, आपण 'आं' केल्यावर तो हसतो का याची वाट बघणं ही बाळाची कामं. पडदा यातलं एकही काम त्याच्यावर टाकत नाही. तो आपला बोलत राहतो, बाळ झोपलं तरी.

याचा पडताळा एका वेगळ्या प्रयोगातून मिळतो, आणि ज्यांची नातवंडं न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये आहेत त्यांनी तो जरूर ऐकावा. २०१४ मध्ये संशोधकांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. काही मुलांना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर आणि काहींना दुसऱ्याच मुलाबरोबर झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून. समोर बसून शिकलेली मुलं शब्द शिकली. व्हिडिओ कॉलवरचीही शिकली. रेकॉर्डिंगवाली शिकली नाहीत. पडदा तोच होता, पण कॉलवरचं माणूस मुलाच्या बोलण्यावर बोलतं, ते गप्प झालं तर विचारतं. तेव्हा आजी कॉलवर "हे काय गं, नवा फ्रॉक?" म्हणते तो वेळ आणि कार्टूनचा वेळ एकाच खात्यात टाकू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पण नातलगांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल चालेल.

दोन-अडीच वर्षांच्या आसपास आणखी एक गमतीशीर वळण येतं. जूडी डीलोच आणि जॉर्जीन ट्रोसेथ यांनी १९९८ मध्ये छापलेला प्रयोग बघा. शेजारच्या खोलीत एक खेळणं लपवलं जातंय, हे दोन वर्षांच्या मुलाला टीव्हीवर दाखवायचं आणि मग त्याला त्या खोलीत सोडायचं. बहुतेक मुलांना खेळणं सापडत नाही. तेच लपवणं खिडकीतून दाखवलं तर मूल सरळ जाऊन काढून आणतं. बघितलं तेच, तरी टीव्हीवरची खोली ही खरी खोलीच आहे, हे त्याच्या डोक्यात उतरलेलं नसतं. अडीच वर्षांची मुलं मात्र टीव्हीवर बघूनही शोधतात. चित्र हे खऱ्या वस्तूच्या जागी उभं असतं, ही समज शिकावी लागते. आपल्याला ती इतकी अंगवळणी पडलेली असते की मुळात नव्हती हे आठवतही नाही.

बाळांना हुशार करणाऱ्या डीव्हीडी मात्र या सगळ्याची पर्वा न करता धडाक्यात खपल्या. अमेरिकेत 'बेबी आइनस्टाइन' नावाचा मोठा उद्योगच उभा राहिला. पुढे टीका वाढली आणि २००९ मध्ये डिस्ने कंपनीने या डीव्हीडी परत घेऊन पैसे देण्याची तयारी दाखवली. डीलोच यांनी २०१० मध्ये अशाच एका डीव्हीडीची परीक्षा घेतली. महिनाभर ती बघणारी बाळं न बघणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शिकली ती ज्यांच्या आईवडिलांना फक्त शब्दांची यादी देऊन "जमेल तसं शिकवा" म्हटलं होतं ती. त्यातलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते वेगळंच: ज्या पालकांना स्वतःला डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपलं मूल जास्त शिकलं असं वाटत होतं. अशा डीव्हीडींमुळे शब्द उलट कमी होतात, असंही २००७ मध्ये एका अभ्यासाने म्हटलं होतं आणि ती बातमी जगभर गाजली. पण त्याच आकड्यांचं नंतर पुन्हा विश्लेषण झालं तेव्हा तो निष्कर्ष तितका पक्का ठरला नाही. तेव्हा 'बिघडवते' म्हणण्यापेक्षा 'शिकवत नाही' म्हणणं खरं.

मग धोका कुठे? तो बाळाच्या पडद्यापेक्षा मोठ्यांच्या पडद्यात जास्त असावा असं मला वाटतं. संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळात आपल्या कित्येक घरांत टीव्ही चालू असतो. आजी बघते, आजोबा जाहिरातीत डुलकी काढतात, आई कणीक मळता मळता मान वर करून एक प्रसंग पकडते आणि बाळ खाली सतरंजीवर खेळत असतं. बाळ टीव्ही बघतच नाही, असं सगळे शपथेवर सांगतील. खरंच आहे, ते बघत नसतं.

दिमित्री ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीनशेहून अधिक लहान मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं अडकवून दिवसभराचं बोलणं टिपलं. दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची मुलं. टीव्हीचा आवाज ऐकू येणाऱ्या दर तासामागे मोठ्यांनी मुलाच्या आसपास उच्चारलेले सुमारे ७७० शब्द कमी भरले. मुलाचं स्वतःचं बडबडणंही कमी. टीव्हीतून शब्दांचा पाऊस पडत असतो, पण तो बाळाच्या कामाचा नाही हे वर पाहिलंच; आणि कामाचे जे शब्द होते, "अगंबाई, मोज्यात काय लपवलंस?" छापाचे, ते बोलले जात नाहीत. दुसऱ्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना मागे मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलं त्याकडे क्षणभरच बघत, तरी त्यांचा खेळ तुकड्यातुकड्यांचा झाला. एका खेळण्यात रमण्याचा वेळ कमी भरला.

म्हणून कुठल्याही माध्यमाबद्दल मी दोनच गोष्टी विचारतो. ते घेताना डोक्याला काय काम पडतं? आणि हा वेळ कुठल्या कामातून कापून आणला? 'किती तास' हा प्रश्न आपण फार विचारतो कारण त्याचं उत्तर मोबाईलच देतो.

हीच मोजपट्टी लावली तर टीव्ही सरसकट खलनायक ठरत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाला. बालमानसशास्त्र शिकलेली माणसं आणि करमणूक करणारी माणसं एकत्र बसवून, प्रत्येक तुकडा मुलांना दाखवून, त्यांचं लक्ष कुठे उडतं ते टिपून हा कार्यक्रम केला होता. गरीब घरांतल्या, बालवाडीत न जाणाऱ्या मुलांना अक्षरं-आकडे यावेत हा हेतू. त्याचा खरा उपयोग झाला का, हे शोधायला मेलिसा कीर्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती काढली. त्या काळी काही भागांत हा कार्यक्रम अशा लहरींवर लागायचा की बऱ्याच घरांच्या ॲन्टेनावर तो नीट दिसतच नसे. कुठे चित्र स्वच्छ आणि कुठे मुंग्या, हे कोणाच्या हुशारीवर ठरलेलं नव्हतं. स्वच्छ चित्राच्या भागात वाढलेली मुलं पुढे शाळेत आपल्या वयाच्या इयत्तेत टिकून राहण्याचं प्रमाण जास्त निघालं. आपल्याकडे याचाच भारतीय अवतार 'गली गली सिम सिम' २००६ मध्ये आला.

कार्टूनचा वेग हा अलीकडचा चिंतेचा विषय. २०११ मध्ये अँजलीन लिलार्ड यांनी साठ चार-वर्षीय मुलांचे तीन गट केले. एकाने नऊ मिनिटं भन्नाट वेगाचं कार्टून बघितलं, दुसऱ्याने संथ शैक्षणिक कार्टून, तिसऱ्याने खडूंनी चित्रं काढली. लगेच नंतर मन आवरण्याच्या आणि सूचना लक्षात ठेवण्याच्या चाचण्या घेतल्या. उदाहरणार्थ, "डोक्याला हात लाव म्हटलं की पायाला लाव". वेगवान कार्टूनवाला गट मागे पडला. पण हा परिणाम लगेचचा होता. कायमचा आहे असं त्यातून निघत नाही. लिलार्ड यांच्याच पुढच्या प्रयोगांत दोष वेगाचा कमी आणि अशक्य गोष्टी धडाधड घडण्याचा जास्त, असं दिसलं. माणूस भिंतीतून आरपार गेला, छत्रीचा पक्षी झाला, की प्रत्येक वेळी लहान मेंदू 'हे कसं?' म्हणून अडकतो. अभ्यासाला बसवायच्या आधी कार्टून लावू नये, एवढा व्यवहारी बोध मात्र यातून सहज घेता येतो.

आता पाटीकडे येऊ, कारण या गोष्टीचा सगळ्यात श्रीमंत भाग तिथे आहे. पुस्तकाला आपण माध्यम म्हणून बघतच नाही. ते पवित्र, आणि बाकीचं सगळं 'नाद'. वाचन ही मात्र मेंदूच्या दृष्टीने अगदी कालची गोष्ट. लेखन सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं, आणि बहुतेक माणसं वाचू लागली ती तर गेल्या दीड-दोनशे वर्षांत. बोलण्याची तयारी घेऊन माणूस जन्मतो, वाचण्याची नाही. मग वाचताना मेंदू कुठली जागा वापरतो?

फ्रान्सच्या स्तानिस्लास देहेन यांच्या गटाने ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांचे मेंदू स्कॅनरखाली पाहिले. काही निरक्षर, काही मोठेपणी वाचायला शिकलेले, काही लहानपणापासून साक्षर. २०१० मध्ये आलेला निष्कर्ष असा की वाचायला शिकल्यावर डाव्या बाजूला मागे-खाली असलेला, वस्तू आणि आकार ओळखणारा एक भाग अक्षरांना जोरदार दाद देऊ लागतो. वाचता येणाऱ्याचा मेंदू बोललेली भाषाही जरा वेगळ्या तऱ्हेने ऐकतो. तिचे सुटे ध्वनी त्याला जास्त ठळक होतात. आणि हा बदल मोठेपणी शिकलेल्यांतही दिसला. साक्षरता वर्गातल्या साठीच्या मावशींना "आता या वयात काय डोक्यात शिरणार" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

देवनागरीचाही यात वाटा आहे. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने लिहा-वाचायला शिकवून, आधी आणि नंतर त्यांचे मेंदू तपासले गेले. २०१७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात डोळ्यांकडून येणारी माहिती पुढे धाडणाऱ्या मेंदूतल्या खोल केंद्रांचं काम आणि दृष्टीच्या भागाचं काम यांची लय जास्त जुळलेली दिसली. २०१९ मध्ये त्याच परिसरातला आणखी एक अभ्यास आला. अक्षरं येताना चेहरे ओळखणाऱ्या जागेवर अतिक्रमण करतात की काय, अशी शंका आधीच्या कामातून आली होती. लखनौच्या लोकांत तसं काही आढळलं नाही. क, ख, ग आले, शेजारपाजारचे चेहरे गेले नाहीत.

वाचनाने विचार करण्याची पद्धतही बदलते का? रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते. तिथे त्यांनी शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांना विचारलं: दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोव्हाया झेम्ल्या उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? एकाचं उत्तर साधारण असं होतं की मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही. प्रत्येक मुलखाची जनावरं आपापली. थोडं शिकलेली माणसं मात्र दिलेल्या वाक्यांवरून 'पांढरी' म्हणून मोकळी होत. लुरिया यांनी यातून अमूर्त विचाराबद्दल बरंच काही काढलं. मला तो शेतकरी आवडतो. जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलणार नाही, असं म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपात हवा.

पण त्या खेड्यांत अक्षरं आणि शाळा एकत्रच आली होती, त्यामुळे बदलाचं श्रेय कोणाला द्यायचं हे कळत नव्हतं. ते कोडं लायबेरियातल्या वाई लोकांनी सोडवलं. वाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती ते शाळेत न जाता, घरीदारी एकमेकांकडून शिकतात. पत्रं आणि हिशेब लिहितात. सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल यांनी त्यांच्यात राहून केलेलं काम १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आलं. नुसत्या वाई लिपीने माणसं सरसकट 'तर्कशुद्ध' झाली नव्हती. उत्तराची कारणं देणं वगैरे शाळेमुळे येत होतं. लिपीमुळे येत होती ती तिच्या वापरातली कौशल्यं: पत्रं लिहिणारा माणूस समोर नसलेल्याला एखादी गोष्ट जास्त नीट समजावू शकत होता. पुन्हा तेच. ज्याचं काम पडतं, ते वाढतं.

लेखनाने काय गेलं, हाही प्रश्न जुनाच. प्लेटोने लिहिलेल्या संवादात सॉक्रेटिस कुरकुरतो की लोक अक्षरांवर विसंबतील आणि स्मरणशक्ती वापरायची सोडतील. त्याचं अगदीच चूक नव्हतं. आपल्याकडे वेदपाठशाळांत घडलेल्या २१ पंडितांचे मेंदू तपासले गेले, तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. हजारो मंत्र स्वर-आघातांसह मुखोद्गत असणाऱ्या या मंडळींच्या मेंदूत स्मृती आणि भाषेशी संबंधित कित्येक भाग इतरांपेक्षा जाड होते. अर्थात पाठांतरामुळे ते जाड झाले की तसा मेंदू असणारेच पाठशाळेत टिकले, हे नुसत्या तुलनेतून सिद्ध होत नाही. स्मरणाचा हा ठेवा काही पोथीवाल्यांपुरताच नव्हता, हेही सांगायला हवं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या प्रामुख्याने अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या तोंडून. पहाटे दळताना रोज कामाला लागणारी स्मृती होती ती. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, ओवीचं कामच संपलं.

आतापर्यंत मेंदूच्या कौशल्यांबद्दल बोललो. माध्यमं आणखी एक गोष्ट करतात: 'असं असतंच' ही आपली कल्पना हलवतात. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू इथल्या गावांमधल्या बायकांच्या मुलाखतींची माहिती तपासली. या काळात काही गावांत केबल नव्याने आली होती. न सांगता घराबाहेर गेली म्हणून नवऱ्याने मारलं तर ते योग्य का, पुढचं मूल मुलगाच हवा का, बाजारात जायला परवानगी लागते का, असे प्रश्न होते. केबल आलेल्या गावांत मारहाण योग्य मानणं कमी झालं, मुलाचा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयात बायकांचा शब्द वाढला. केबल न आलेल्या गावांत तसा बदल नव्हता. आणि बायका तेव्हा बघत काय होत्या? ज्यांना आपण नाकं मुरडतो त्या सासू-सुनांच्या मालिका. पडद्यावरच्या कटकारस्थानी सुनेकडे बघताना गावातल्या बाईने तिच्या कारस्थानापेक्षा तिचं एकटीने गाडीत बसून शहरात जाणं टिपलं असेल. ब्राझीलमध्येही मालिकांतली छोटी कुटुंबं बघून जन्मदर उतरल्याचं अशाच पद्धतीने दाखवलं गेलं आहे.

नाण्याची दुसरी बाजू कॅनडातल्या एका गावात दिसली. डोंगरांमुळे तिथे १९७३ पर्यंत टीव्हीच पोचला नव्हता. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या गटाने टीव्ही येण्याआधी आणि दोन वर्षांनी त्या गावाची पाहणी केली. मुलांची मारामारी वाढली होती, कल्पकतेच्या चाचणीतले गुण उतरले होते आणि गावातल्या खेळांना, समारंभांना येणाऱ्यांची संख्या घटली होती.

रील्सचं काय, हे विचारणाऱ्यांना घाई असते, आणि या विषयात घाईनेच जास्त गोंधळ केला आहे. माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षा कमी, आठ सेकंदांवर आलं, हे वाक्य शाळांच्या पालकसभांतही ऐकू येतं. त्याला शास्त्रीय आधार नाही. ग्लोरिया मार्क यांनी कामाच्या ठिकाणी केलेल्या मोजणीला आहे: २००४ मध्ये माणसं एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं थांबत, अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंद. पण हे थांबण्याचं माप आहे, थांबण्याच्या क्षमतेचं नाही. तोच माणूस रात्री तीन तास सलग सिनेमा बघतो. अमेरिका-ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांच्या माहितीवरून एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये दाखवलं की मुलांच्या मनःस्थितीतल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरकाचा संबंध पडद्याच्या वापराशी लागतो. बटाटे खाण्याशी लागणारा संबंधही जवळपास तेवढाच. हा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही आणि सरासरीत एखाद्या मुलाचं हाल होणं झाकलं जातं, हेही खरं. अकरावीतला मुलगा रात्री दीडपर्यंत पांघरुणात मोबाईल घेऊन पडलेला असेल तर संशोधनाची वाट बघायची गरज नाही. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं, आणि झोपच कापली गेली आहे.

वाचनाबद्दल मात्र एक गोष्ट बऱ्यापैकी ठाम आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर जास्त समजतो असं दिसलं, विशेषतः वेळेचं बंधन असताना. कथा-कादंबऱ्यांत फरक नव्हता. पडद्यावर आपण चाळायच्या सवयीने वाचतो आणि समजलं असं मानून पुढे जातो. बोर्डाच्या परीक्षेची पीडीएफ छापून घेणं म्हणूनच पैसे वाया घालवणं नाही. (हा लेख तुम्ही पडद्यावर वाचताय, याची मला कल्पना आहे.)

राहता राहिली एक युक्ती, आणि ती याच देशात सुचली आहे. बृज कोठारी १९९६ मध्ये अमेरिकेत शिकत असताना एक स्पॅनिश सिनेमा बघत होते. खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच अक्षरं असती तर आपलं स्पॅनिश सुधारलं असतं, असं त्यांच्या मनात आलं आणि तिथून विचार हिंदी गाण्यांवर गेला. देशात कोट्यवधी लोक शाळेत जाऊनही अडखळत वाचतात. गाणी मात्र तोंडपाठ. टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत, त्याच शब्दांची अक्षरं दिली आणि जो शब्द गायला जातोय त्याचा रंग बदलत गेला, तर? १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांपासून सुरुवात झाली, पुढे 'चित्रहार' आणि 'रंगोली'वरही ही अक्षरं आली. डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा कच्चे वाचणारेही आपोआप खालच्या ओळीकडे वळताना दिसले. कोणी 'वाच' म्हटलं नव्हतं. पुढचा शब्द कानाला आधीच माहीत असतो, डोळा फक्त त्याचं अक्षर हुडकतो, आणि हे काम गाण्यागणिक पाच मिनिटं फुकटात होत राहतं.

दुसरी-तिसरीतलं मूल जोडाक्षरांना अडखळत असेल आणि गाण्याचं वेडं असेल, तर यूट्यूबवर त्याच्या आवडत्या गाण्याची देवनागरी शब्दांची आवृत्ती शोधून ठेवा. रोमन अक्षरांतली नको. तिच्यात 'ळ' आणि 'ल' एकच दिसतात.